‘स’ची पट्टी

इंग्रजीत ‘नॉइज’ म्हटलं की भागतं. मराठीत एका शब्दावर सुटका नाही. जुना पंखा घरघरतो, रेडिओ खरखरतो, डास गुणगुणतो, पत्रा खडखडतो, कुकर फुसफुसतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये कलकलाट असतो. सगळ्यांना मिळून एक शब्द शोधायला गेलं तर ‘गोंगाट’ सापडतो. पण रात्री साडेअकराला हेडफोनमध्ये ऐकू येणाऱ्या बारीकशा ‘सूंऽऽ’ला गोंगाट कसं म्हणायचं?

गिटारचं पेडल उघडून बसल्यावर मात्र हाच शब्दांचा पसारा कामाला येतो. पेडल ‘नॉइज करतंय’ एवढ्यावर काहीच दुरुस्त करता येत नाही. ते घूं करतंय, खर्र करतंय की सूं करतंय, हे सांगता आलं की अर्धं काम झालं. तिन्हींची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी.

मी कोपरखैरण्यात राहतो. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत कोड लिहितो आणि शनिवारी मित्रांच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. वर्षभरापूर्वी मी एक सेकंडहँड इक्वलायझर पेडल घेतलं. स्वस्तात मिळालं, कारण त्याला आवाज होता. ते शांत करायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत पेडलइतकाच बाबांचा कान कळत गेला, म्हणून या लेखात ते दोघंही येणार आहेत.

बाबा टीटीसी पट्ट्यातल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा एमआयडीसीचा भाग. आता तिथे काचेच्या इमारती दिसतात, पण आधी तो कारखान्यांचा पट्टा होता आणि बराचसा अजूनही आहे. पत्र्याच्या शीटवर प्रेस आदळतो आणि एक भाग पडतो. पुन्हा आदळतो, पुन्हा पडतो. हे बाबांनी सव्वीस वर्षं ऐकलं. आता ते निवृत्त आहेत आणि ‘साठ’ म्हटलं की त्यांना ‘आठ’ ऐकू येतं.

सात पट्ट्यांचं यंत्र

गिटार न वाजवणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये ठेवलेली, पायाने चालू-बंद करायची छोटी डबी. इक्वलायझर पेडलवर उभ्या सरकपट्ट्या असतात. १९८१ मध्ये आलेलं बॉसचं जीई-७ हा या प्रकारातला प्रसिद्ध नमुना. त्यात सात पट्ट्या आहेत: १००, २००, ४००, ८००, १६००, ३२०० आणि ६४०० हर्ट्झ. प्रत्येक पट्टी आधीच्या दुप्पट, म्हणजे एकेक सप्तक वर. पट्टी वर सरकवली की तेवढ्या भागातला आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो. दोन्हीकडे १५ डेसिबलपर्यंत. माझं पेडल दुसऱ्या कंपनीचं आहे, पण मांडणी हीच.

इक्वलायझर हा शब्द मुळात टेलिफोनवाल्यांच्या वापरातला. लांब तारेतून बोलणं जाताना उंच कंपनं जास्त क्षीण होत. पलीकडे ती पुन्हा बाकीच्यांच्या बरोबरीला आणायची, म्हणून ‘इक्वल’. तरीही साधी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायची. ‘स’ची बरीचशी ताकद त्याच्या वर असते. म्हणून तर आपण फोनवर नाव सांगताना ‘स, साताऱ्यातला स’ म्हणतो. ‘म’साठी तेवढी धडपड करावी लागत नाही.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घूंऽऽ

पहिला आवाज घूंऽऽ. जाड, खालचा, एका सुरात लागलेला. हा विजेचा आवाज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अ‍ॅडॉप्टर तिचं डीसी करतो तेव्हा नीट न गाळलेला उरलेला हेलकावा १०० हर्ट्झवर येतो. म्हणजे बरोब्बर पेडलच्या पहिल्या पट्टीवर.

निदान सोपं आहे. अ‍ॅडॉप्टर काढायचा आणि नऊ व्होल्टची बॅटरी लावायची. घूं गेला तर दोष अ‍ॅडॉप्टरकडून येतोय. नाही गेला तर गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरायचं. काही दिशांना घूं वाढतो आणि काही दिशांना जवळजवळ नाहीसा होतो. याचं कारण असं की गिटारचा पिकअप म्हणजे तारेचं वेटोळं, आणि ते भोवतालच्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र अँटेनासारखं पकडतं. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट्या वेटोळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही वेटोळी सारखाच घूं पकडतात, पण उलट जोडलेली असल्यामुळे तो एकमेकांत वजा होतो. हा हंबकर. माझ्या गिटारला हंबकरच आहेत, त्यामुळे संशयित एकच उरला.

पेडलच्या आत, वीज येते त्या वाटेवर मी ४७ ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर जमिनीकडे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. या जोडीमुळे साधारण ७ हर्ट्झच्या वरचा हेलकावा अडायला लागतो. १०० हर्ट्झवर तो सुमारे चौदा पटीने कमी होतो. घूं संपला. दोन भाग, दहा मिनिटांचं सोल्डरिंग.

आई म्हणाली, “झालं ना? आता जेवायला ये.” तेव्हा दोन आवाज बाकी होते.

खर्र

पट्टी सरकवताना येणारा खर्र हा धुळीचा आणि हवेचा आवाज. पट्टीच्या पोटात कार्बनचा लेप असतो आणि त्यावरून एक बारीक धातूची जीभ घसरते. मध्ये धूळ आली किंवा धातू गंजला की संपर्क तुटतो-जुळतो, आणि प्रत्येक तुटण्याचा एक छोटा फटाका होतो. ठाण्याच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना दमट हवेबद्दल वेगळं सांगायला नको. जुलैत आमच्या कपाटातल्या पट्ट्यांच्या बकलांनासुद्धा बुरशी येते, मग पेडलचं काय.

यावर औषध म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर. पट्टीच्या फटीत थोडासा मारायचा, पट्टी वीस-पंचवीस वेळा वरखाली करायची आणि पूर्ण वाळेपर्यंत वीज लावायची नाही. स्वयंपाकघरातलं तेल घालायचं नाही. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि मग धूळ आणखी चिकटते.

पट्ट्या वरखाली करायचं काम बाबांनी घेतलं. खुर्चीत बसून, टीव्ही बघत, जपमाळ ओढावी तसं. झाल्यावर पेडल माझ्या हातात देत म्हणाले, “मशीनला हात लावला की कळतं. आता सैल झालंय.” खर्र गेला.

सूंऽऽ

उरला तो सूंऽऽ. हा सगळ्यांत चिवट. तो वीज बदलून जात नाही आणि पुसूनही जात नाही. वरच्या दोन पट्ट्या वर केल्या की पावसाची सर लांबून येत असल्यासारखा वाढतो.

याचं मूळ शोधायला १९२८ सालापर्यंत मागे जावं लागतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जॉन जॉन्सन यांनी मोजून दाखवलं की कुठल्याही रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये, त्यातून काहीही वाहत नसताना, एक अतिसूक्ष्म व्होल्टेज थरथरत असतं. त्यांचेच सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. पदार्थातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत धडपडत असतात, त्याचा हा आवाज. तो ठरतो रेझिस्टरच्या किमतीवर (म्हणजे ओहमवर, रुपयांवर नाही), तापमानावर आणि आपण किती रुंद पट्टा ऐकतोय त्यावर. १० किलोओहमचा रेझिस्टर, खोलीचं तापमान आणि माणसाला ऐकू येणारा २० हजार हर्ट्झचा पट्टा धरला तर उत्तर येतं सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट. जगातला सगळ्यांत महाग रेझिस्टर आणला तरी एवढं राहणारच. मेटल फिल्मचे रेझिस्टर वापरल्याने कार्बनमधून करंट वाहताना होणारा जादाचा आवाज कमी होतो. पण हा मूळचा थरथराट तसाच राहतो.

त्यावर भर घालतात ऑप-अँप, म्हणजे आठ पायांच्या त्या काळ्या चिप. इक्वलायझरमध्ये त्या दोन कामं करतात. एक म्हणजे सिग्नल वाढवणं. दुसरं जास्त गमतीचं: कपॅसिटरच्या मदतीने कॉइलची नक्कल करणं. खरी कॉइल मोठी असते आणि पिकअपसारखीच घूं पकडते, म्हणून तिच्या जागी हा सोंगाड्या बसवतात. प्रत्येक पट्टीमागे एक सोंगाड्या, आणि प्रत्येकाचा स्वतःचा थोडा सूं. पट्टी १५ डेसिबल वर नेली की तिथलं सगळंच साडेपाच पटीहून जास्त वाढतं. गिटारही आणि आधीपासून जमा झालेला सूंही.

कमी आवाजाच्या चिप घ्यायला मी एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. कोपरखैरण्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने कुणी विचारत नाही. चिप घेतल्या आणि सोबत ‘आयसी बेस’ घेतले. चिप थेट सोल्डर न करता बेस सोल्डर करायचा आणि चिप त्यात खोचायची. आवडली नाही तर काढून दुसरी लावता येते. ज्याला हे काम करायचंय त्याने बाकी काही विसरलं तरी बेस विसरू नये. पीसीबीवरचे तांब्याचे ट्रॅक दोन-तीन वेळा गरम केले की सालासारखे उचकटतात.

इथे एक गोष्ट कळली, ती सांगण्यासारखी आहे. एनई५५३२ ही स्वस्त आणि नावाजलेली शांत चिप. तिचा व्होल्टेजचा आवाज साधारण ५ नॅनोव्होल्ट (दर वर्गमूळ हर्ट्झला, असं त्याचं एकक आहे). ओपीए२१३४ चा ८. म्हणजे पहिली सरस? जागेवर अवलंबून आहे. एनई५५३२ करंटचाही थोडा आवाज करते, आणि समोर मोठा रेझिस्टन्स असला की तो करंट तिथे व्होल्टेज होऊन मोठा दिसतो. १०० किलोओहमसमोर तो ७० नॅनोव्होल्टपर्यंत जातो, म्हणजे ५ चा फायदा कुठच्या कुठे गेला. म्हणून गिटार थेट येते त्या पहिल्या जागी मी ओपीए२१३४ बसवली आणि आतल्या, कमी रेझिस्टन्सच्या जागी एनई५५३२. शांत चिप सगळीकडे शांत नसते. कुणासमोर बसवलंय त्यावर तिचं वागणं ठरतं. ऑफिसात टीम करताना हे वाक्य मला अधूनमधून आठवतं.

मग मोजलं. पेडलचा इनपुट शॉर्ट केला, सगळ्या पट्ट्या मध्यावर ठेवून लॅपटॉपवर ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड केलं. नंतर पट्ट्या वर नेऊन पुन्हा. आधीच्या आणि नंतरच्या सूंमध्ये साधारण चार डेसिबलचा फरक आला. कानाला कळतो, पण सूं ‘गेला’ म्हणण्याइतका नाही.

त्याहून जास्त फरक सोल्डरिंग न करता पडला. गिटारच्या अँपचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने ढेपाळतो. त्यामुळे ६४०० ची पट्टी वर नेऊन गिटार फारशी वाढत नाही. हातात येतो तो मुख्यतः सूं. आणि मधला आवाज पुढे आणायचा असेल तर ८०० ची पट्टी चढवण्याऐवजी तिच्या आजूबाजूच्या थोड्या उतरवायच्या. आकार जवळजवळ तोच मिळतो, सूं वाढत नाही. डिस्टॉर्शन पेडलच्या आधी इक्वलायझर ठेवला असेल तर हे जास्तच पाळायचं, कारण त्याच्या पुढे सगळंच कित्येक पट होतं.

मग ६४०० ची पट्टी पूर्ण खाली ओढून का टाकू नये? तसं करून बघितलं. सूं गेला, आणि त्याच्याबरोबर तारेवर पिक लागतानाचा टोकदार ‘टिक्’सुद्धा गेला. गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी झाली.

बाबांचा ग्राफ

या पट्टीशी खेळत असताना एकदा बाबा शेजारी बसले होते. मी गिटारऐवजी मराठी बातम्यांचं रेकॉर्डिंग पेडलमधून सोडलं आणि हेडफोन त्यांना दिला. डोळे मिटून ऐका आणि आवाज बदलला की बोट वर करा, असं सांगितलं. १०० च्या पट्टीला बोट वर. ४०० ला वर. १६०० ला वर. ३२०० ला जरा विचार करून. ६४०० ची पट्टी मी तळापासून टोकापर्यंत नेली. पेडलचा सगळा सूं हेडफोनमधून बाहेर सांडत होता, मला तो बाजूला बसून ऐकू येत होता. बाबांचं बोट मांडीवरच.

“झालं का सुरू?” त्यांनी विचारलं.

मग त्यांच्या कपाटातली जुनी फाइल काढली. कानाच्या तपासणीचा ग्राफ. आडव्या रेषेवर २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. म्हणजे दुप्पट-दुप्पट जाणाऱ्या पट्ट्याच. कुणीतरी एका इक्वलायझरच्या उजवीकडच्या पट्ट्या खाली ओढून ठेवाव्यात तशी रेघ. सर्वांत खोल खड्डा ४००० वर. कारखान्यातल्या आवाजाने गेलेल्या कानाची हीच ओळख असते. खड्डा आधी ४००० च्या आसपास पडतो आणि वयाबरोबर रुंदावत जातो.

‘स’ तिथेच राहतो. ‘स’ म्हणजे खरं तर सूंच, दातांच्या फटीतून जाणारी हवा. ‘श’, ‘फ’, ‘थ’, ‘च’ यांचा मोठा भागही तसाच, त्याच परिसरातला. स्वर खाली असतात, म्हणून आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. ‘साठ’मधला ‘स’ वजा केला की उरतो ‘आठ’. दूधवाल्याच्या हिशोबात हे आमच्याकडे दोनदा घडलंय. बाबा म्हणायचे, “लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.” त्यांच्या बाजूने ते अगदी बरोबर होतं.

त्यांच्याकडे श्रवणयंत्र होतं. ते ड्रॉवरमध्ये होतं. तक्रार एकच: “त्यात सूं येतो.” घरात सगळ्यांना वाटायचं की हे निमित्त आहे. पेडलवर तीन महिने घालवल्यावर मला ते निमित्त वाटेना. श्रवणयंत्र नेमक्या त्याच पट्ट्या वर नेतं, आणि आधुनिक यंत्रं हळू आवाजाला सर्वांत जास्त वाढवतात. शांत खोलीत हळू आवाज कुठला? यंत्राच्या स्वतःच्या मायक्रोफोनचा. बाबांना कित्येक वर्षांनी ४००० हर्ट्झवर पहिल्यांदा काही ऐकू आलं, आणि तो सूं होता.

आम्ही ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. मी पेडलच्या भाषेत सांगितलं, त्यांना लगेच समजलं. यंत्रात ‘एक्स्पान्शन’ नावाची सोय असते: अगदी हळू आवाज आला तर वाढवणं कमी करायचं, बोलण्याइतका झाला की पुन्हा वाढवायचं. गिटारवाले यासाठी नॉइज गेट वापरतात. त्यांनी ते बदललं, वरच्या पट्ट्या थोड्या उतरवल्या आणि महिन्याभराने हळूहळू चढवू म्हणाल्या. आता यंत्र दिवसातले चार-पाच तास कानात असतं. दूधवाल्याचा हिशोब बाबाच करतात.

पण गेलेलं परत आलेलं नाही, हेही तितकंच खरं. कानातल्या ज्या केसांसारख्या पेशी झिजल्या त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. पेडलची चिप बदलता येते, कानाला आयसी बेस नसतो.

म्हणून राग येतो. बाबा कामाला होते त्या काळात लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारं बहिरेपण हा कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा. ९५ झाले तर चारच तास. कागदावर सगळं होतं. शॉपमध्ये कापसाचे बोळे होते. आवाज कमी करण्याचा क्रम सगळीकडे एकच असतो. आधी उगमावर, मग वाटेत, आणि काहीच जमलं नाही तर शेवटी ऐकणाऱ्याच्या कानाशी. पेडलमध्ये मी तेच केलं. प्रेस शॉपने शेवटून सुरुवात केली आणि तिथेच थांबले.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. “प्रेसखाली रबराचे पॅड घाला, असं आम्ही सांगितलं होतं,” ते म्हणाले. “थरथर जमिनीत जाते आणि सगळी शेड वाजते. एका मशीनला घातले पण होते. तिथं उभं राहायला भांडणं व्हायची आमच्यात.” आणि मग टीव्हीचा आवाज, स्वतःहून, दोन टप्पे कमी केला.

आमच्या बँडची प्रॅक्टिस छोट्या खोलीत असते आणि ड्रम माझ्यापासून चार फुटांवर. हल्ली चौघांच्याही खिशात इअरप्लग असतात, आणि सुरुवात अँप उतरवण्यापासून होते. पेडलची ६४०० ची पट्टी मी मध्याच्या किंचित खाली ठेवतो. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत त्यातून अजून थोडा सूं येतो. मला तो ऐकू येतो, हे बरंच आहे.